नावे पडलेली रक्कम



तिरुवल्लिकेणी ही चेन्नईतील एक जुनी वस्ती. इंग्रजांच्या जिभेला ते नाव पेलले नाही, म्हणून त्यांनी त्याचे ट्रिप्लिकेन केले. आणि आज त्या वस्तीतील मंडळी देवळाचा पत्ता सांगताना तिरुवल्लिकेणी म्हणतात व टपालाचा पत्ता सांगताना ट्रिप्लिकेन म्हणतात. माझी मावशी लग्न होऊन या वस्तीत आली, त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. पार्थसारथीच्या देवळामागील एका गल्लीत ती आता एकटीच राहते. तमिळ ती तेथील बायकांसारखी बोलते, पण हिशेब मात्र मराठीत लिहिते. रोज रात्री जेवणे झाली की चष्मा पुसायचा, वही उघडायची आणि दिवसाचा खर्च मांडायचा, हा तिचा नेम मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

गेल्या खेपेस तिच्याकडे गेलो तेव्हा तिने चहाच्या आधी बँकेचे पासबुक माझ्यापुढे ठेवले आणि एका ओळीवर बोट टेकवले. महिन्यातून एकदा बँकेत जाऊन ती ते यंत्रावर छापून आणते. ओळीत प्रथम तारीख, मग पी.ओ.एस. ही तीन अक्षरे, मग कोणा कंपनीचे अर्धवट तुटलेले इंग्रजी नाव, त्यापुढे परराज्यातील एका शहराचे नाव, आणि शेवटी रक्कम, रुपये १,२८६. "या नावाच्या दुकानात मी जन्मात गेले नाही," मावशी म्हणाली, "आणि या गावाला तर आगगाडीनेसुद्धा गेले नाही."

एवढेच असते तर मी ते हसण्यावारी नेले असते. पण मावशीचे गुडघे धरल्यापासून वाणसामान आणण्याचे काम तिच्याकडे बारा वर्षे घरकामाला येणाऱ्या बाईंकडे आहे. यादी आणि बँकेचे कार्ड मावशी त्यांच्या हाती देते. १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंतच्या खरेदीस कार्ड यंत्राला नुसते टेकवले तरी पुरते, गुप्त आकडा दाबावा लागत नाही. म्हणजे कार्ड ज्याच्या हाती, खरेदी त्याच्या हाती. मावशीने ती ओळ पाहिली त्याच दिवशी कार्ड परत मागून घेतले. तोंडाने ती एक अक्षर बोलली नाही. पण अशा गोष्टी न बोलताही कळतात. त्या बाई वेळेवर येत, भांडी घाशीत, केर काढीत, आणि एरवी ज्या ओट्याशी उभ्या राहून गल्लीतल्या वार्ता सांगत, त्या खाली मान घालून निघून जात. असे नऊ दिवस चालले होते.

त्या एका ओळीचा छडा लावता लावता मला जे इतिहासाचे धागे सापडले, ते आज आपल्यापुढे मांडावे असे वाटते.

आपल्या भाषेत हिशेबाचे शब्द फार बोलके आहेत. दिवसभराच्या देवघेवी जशा घडल्या तशा लिहायच्या ती कीर्द; मग त्या ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायच्या ती खतावणी. कीर्दीची एक बाजू जमेची. दुसऱ्या बाजूस इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'देणे' असा होतो. आपण मात्र त्या बाजूस 'नावे' म्हणतो. रक्कम कोणाच्या तरी नावे पडते, नावे टाकली जाते, नावे निघते. आपल्या जुन्या कारकुनाच्या दृष्टीने खर्च ही कोणा ना कोणा माणसाच्या नावाला चिकटलेली गोष्ट होती. बिननावाचा खर्च त्याच्या वहीत मावतच नव्हता. तेव्हा पासबुकातील ओळ पाहून मावशीने 'किती' असे न विचारता 'कोण' असे विचारले, यात तिचे काही चुकले नाही. आमच्या घराण्यातील बाईने तेच विचारावे.

चेन्नईला ही भाषा अगदीच परकी नाही. तेथून दक्षिणेस तंजावरास १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी राज्य स्थापिले, आणि १८५५ पर्यंत त्या घराण्याचा मराठी दरबार तेथे नांदला. त्या दरबाराचे मोडी कागद आजही जपून ठेवलेले आहेत. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय विद्वानांना ठाऊक आहे ते तेथील पोथ्यांमुळे. मला विचाराल तर त्या मोडी रुमालांतील खर्चाच्या नोंदी पोथ्यांइतक्याच मोलाच्या आहेत. दरबार कसा बोलत असे हे पोथीवरून समजते. कसा जगत असे हे हिशेबावरून समजते. खुद्द चेन्नईत तर बाजारांची नावेच आपल्याला ओळखीची वाटतात. जुन्या शहरातील सौकारपेट म्हणजे सावकारांची पेठ. कोत्वाल चावडी या नावातील दोन्ही शब्द आपल्याकडचे पोरसुद्धा सांगेल. भाजीपाल्याचा हा मोठा बाजार १९९६ साली तेथून उठून कोयंबेडूस गेला, नाव मात्र जागच्या जागी राहिले. नाव एकीकडे आणि धंदा दुसरीकडे, हा प्रकार काही आजचा नव्हे.

आता पासबुकाचे पाहा. हा शब्द आपण बँकेचा म्हणून ओळखतो. वस्तुतः इंग्रजी व्यवहारात पासबुक म्हणजे वाण्याची वहीसुद्धा होती. गिऱ्हाइकाने उधारीवर माल न्यावा, दुकानदाराने छोट्या वहीत तो टिपावा, वही गिऱ्हाइकाच्या घरी जावी, पुन्हा दुकानात यावी. ती या हातातून त्या हातात जात असे, म्हणून पासबुक. बँकांची पासबुकेही अशीच जात-येत असत. खातेदार आपली वही बँकेत ठेवी, कारकून तीत नोंदी करी, आणि खातेदार ती घरी नेऊन तपाशी. याचा अर्थ असा की, वाण्याचा हिशेब आणि बँकेचा हिशेब ही मुळात एकाच कुळातली भावंडे होती. दोहोंत एकच अट होती. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची तोंडओळख असलीच पाहिजे. आपल्या लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडची लांबट वही आठवा. तीत 'साखर' आणि 'चहा' यांपुढे आकडे असत. दुकानाचे नाव कोठेच नसे. त्याची गरजच काय होती?

या उधारीच्या वहीस पहिले मोठे आव्हान मिळाले ते, योगायोग पाहा, मावशीच्याच वस्तीत. १९०४ साली तेथे ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी निघाली. हिंदुस्थानातील ग्राहकांच्या सहकारी भांडारांचा इतिहास लिहिताना आरंभ येथूनच करावा लागतो. तिच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्यांत व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. ते त्या वेळी ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. महाराष्ट्राला शास्त्रीबोवा ठाऊक आहेत ते निराळ्या नात्याने. १९०७ साली ते पुण्यास येऊन गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९१५ साली गोखले निवर्तल्यावर समाजाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. इंग्रजी वक्तृत्वासाठी नावाजलेल्या या पुरुषाने आधी तांदूळ आणि डाळ यांच्या रास्त वजनाचा प्रश्न हाती घेतला होता, ही गोष्ट मला त्यांच्या भाषणांपेक्षाही मोठी वाटते.

या चळवळीचा आदर्श इंग्लंडमधील रॉचडेल गावचा. तेथील कष्टकऱ्यांनी १८४४ साली आपले दुकान उघडले आणि माल रोखीनेच विकायचा असा नियम केला. उधारी म्हणजे गरिबाच्या गळ्यातील दोर, हे ते अनुभवाने शिकले होते. माल शुद्ध, माप पुरते, आणि हिशेब सभासदांसमोर उघडा. या त्रयीवर ते दुकान उभे राहिले. हिंदुस्थान सरकारचा १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. भांडारासारख्या इतर संस्थांना कायद्यात जागा मिळाली ती १९१२ साली. म्हणजे ट्रिप्लिकेनच्या मंडळींनी भांडाराचा विचार केला तेव्हा कायदा त्यांच्या मागून चालत होता.

हिशेब उघडा असावा ही मागणी त्या काळी मद्रासेत किती निकडीची होती, हे दोनच वर्षांत साऱ्या शहराला कळून चुकले. १९०६ च्या ऑक्टोबरात अर्बथनॉट आणि कंपनी ही बडी पेढी बुडाली. हजारो ठेवीदारांच्या हाती पावत्या राहिल्या, त्यांमागे पैसा राहिला नाही. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट यांना पुढे कारावासाची शिक्षा झाली. आपल्या लोकांची बँक हवी, या त्या वेळच्या तळमळीतून १९०७ साली व्ही. कृष्णस्वामी अय्यर प्रभृतींनी इंडियन बँक काढली. ठेवीदारांना त्या पेढीचे नाव तोंडपाठ होते, तिची इमारत ते रोज पाहत होते. नाव ओळखीचे असले म्हणजे पैसा सुरक्षित असतो असे नाही, हा धडा मद्रासकर तेव्हा शिकले. मावशीच्या प्रकरणात गोष्ट नेमकी उलट होती. नाव अनोळखी होते, पण पैसा योग्य ठिकाणीच गेला होता. तिकडे आता वळू.

दुकानाची पाटी आणि दुकानाचा मालक ही दोन नावे वेगळी केव्हा झाली? मद्रासपुरते उत्तर हवे असेल तर माउंट रोडवर जावे लागते. तेथे १८६० नंतरच्या दशकात स्पेन्सर नावाचे दुकान सुरू झाले. आरंभी पाटीवर जे नाव, ते दुकानातील एका भागीदाराचे. गोरे साहेब तेथून डबाबंद खाद्ये, चिरूट आणि मद्य नेत. पुढे त्या दुकानाचा पसारा आगगाडीच्या उपाहारगृहांपर्यंत पोचला. त्याची जुनी भव्य इमारत १९८३ साली आगीत गेली, मालकीही हस्तांतरित होत गेली आणि अखेर ते नाव कलकत्त्याच्या गोएंका उद्योगसमूहाकडे आले. १९९६ साली चेन्नईतच फूडवर्ल्ड नावाची नव्या धर्तीची स्वयंसेवा दुकाने निघाली. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलावा आणि दाराशी पैसे द्यावेत, ही रीत दक्षिणेतील मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली ती बऱ्याच अंशी या दुकानांमुळे. पुढे भागीदार वेगळे झाले आणि त्यांपैकी काही दुकानांवर स्पेन्सर्स ही पाटी चढली. दुकान तेच, फळ्या त्याच, पाटी निराळी. गिऱ्हाईक मात्र कोथिंबीर पूर्वीच्याच कोपऱ्यात शोधत होते.

आज तर हा नियमच होऊन बसला आहे. आपण डी-मार्टमध्ये जातो. कंपनीचे नाव अव्हेन्यू सुपरमार्ट्स. आपण बिगबास्केटकडून भाजी मागवतो. गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्या कंपनीचे नाव इनोव्हेटिव्ह रिटेल कन्सेप्ट्स. ही नावे कोणी लपवून ठेवलेली नाहीत. कंपनी कायद्याच्या दप्तरी जे नाव नोंदलेले असते तेच करारावर येते, बँकेतील खात्यावर येते, आणि तेथून पुष्कळदा आपल्या पासबुकात उतरते. पाटीवरचे नाव गिऱ्हाइकाला बोलावण्यासाठी असते. पासबुकातले नाव जबाबदारी कोणाची हे सांगण्यासाठी असते. जुन्या कारकुनाने हे लगेच मान्य केले असते. त्याने विचारले असते, खटला भरायचा झाला तर कोणावर भरू? ते नाव लिही.

शिवाय जागेची अडचण आहे. पूर्वी बँकेतला कारकून शाईने नोंद करी. अक्षर वाईट असे, पण नोंद एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेली असे. १९८४ साली सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. १९८९ साली त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने संगणकीकरणाचा. त्यानंतर नोंदी हळूहळू यंत्राच्या हाती गेल्या. कार्डाचा व्यवहार दुकानातील यंत्राकडून बँकेकडे जातो तो ठरावीक मापाच्या चौकटीत बसवून. दुकानाच्या नावासाठी त्या चौकटीत अवघी बावीस ते पंचवीस अक्षरे, गावासाठी तेरा. मग लांब नावाचे शेपूट तुटते, आणि गावाच्या जागी दुकानाचे गाव न येता कधी कधी कंपनीच्या मुख्य कचेरीचे गाव येते. पी.ओ.एस. ही अक्षरे एवढेच सांगतात की विक्रीच्या जागी यंत्रावर कार्ड चालले. याखेरीज दुकानाच्या जातीचा चार आकडी क्रमांकही व्यवहाराबरोबर जातो. वाणसामानाच्या दुकानांचा ५४११. पासबुकात तो बहुधा छापत नाहीत. छापला असता तर मावशीला निदान इतके समजले असते की ही रक्कम सोनाराकडे गेलेली नसून वाण्याकडे गेली आहे.

आता मावशीची वही. त्या तारखेच्या पानावर १,२८६ हा आकडा नव्हता. तिच्या संशयाला खरे बळ आले ते यामुळेच. तिची वही चुकत नाही, हे तिला पक्के ठाऊक. मी पान नीट पाहिले. किराणा ८७२. साबण-सोडा २१४. भाचेसुनेच्या मुलाला खाऊ २००. तिन्हींची बेरीज केली आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने बोटांवर पुन्हा मोजून पाहिले. सदराप्रमाणे खर्च मांडायचा ही सासऱ्यांची शिकवण ती पन्नास वर्षे पाळत आली होती. यंत्राने बिल अखंड नोंदवले होते, तिने ते तीन सदरांत वाटले होते. दोन्ही हिशेब बरोबर होते. फक्त एकमेकांना ओळखत नव्हते.

पण बेरीज जुळली म्हणून नाव जुळत नाही. त्यासाठी बिल हवे होते, आणि मावशीच्या म्हणण्याप्रमाणे बिल कधी घरात आलेच नव्हते. ते मला स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेमागे मिळाले. त्या बाई दर खेपेचे बिल घडी घालून तेथे खोचत असत; एक नव्हे, वर्षभराची बिले तेथे होती. आजकालचा हा कागद उष्णतेने उमटणाऱ्या अक्षरांचा असतो आणि स्वयंपाकघरातल्या उबेने ती अक्षरे पुसट होत जातात. तरी आमच्या तारखेचे बिल वाचण्याजोगे होते. वर ठळक अक्षरांत पाटीवरचे नाव. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत कंपनीचे पूर्ण नाव, पासबुकात शेपूट तुटून आले होते तेच. त्याखाली पंधरा अक्षरांचा वस्तू व सेवा कराचा क्रमांक. १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाला, तेव्हापासून हा क्रमांक गिऱ्हाइकाला फुकट मिळालेले एक साधन आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाही. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. आपल्या महाराष्ट्राचे २७, तमिळनाडूचे ३३. मावशीच्या बिलावर ३३ होते. गाव कोणतेही छापलेले असो, विक्री तमिळनाडूत झाली होती. आणि बिलावरचा पत्ता तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवरचा होता.

येथे प्रकरण मिटले. पण मी मनात म्हटले, बिल सापडले नसते तर? बाईंनी ते रद्दीत टाकले असते, तर त्या एका ओळीच्या आधारे बारा वर्षांच्या चाकरीवर काय निकाल लागला असता?

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे चौतिसावे कलम असे की, धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात घेता येईल, पण केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणावरही देणे बसवता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व त्यात कायम आहे. बँकांच्या वह्यांना १८९१ च्या कायद्याने जरा वरचे आसन दिले. त्यांतील नोंदीची प्रमाणित नक्कल सकृद्दर्शनी पुरावा धरली जाते. सकृद्दर्शनी म्हणजे पहिल्या नजरेला. दुसरी नजर टाकायला कायद्याने मनाई केलेली नाही, किंबहुना तीच अपेक्षिली आहे.

याच्या उलट बाजूचाही एक नामांकित खटला आहे. मंगळूरच्या कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या कंपनीच्या कॅनरा बँकेतील खात्यावर १९५७ ते १९६१ या काळात ४२ खोटे धनादेश वटले. रक्कम तीन लाख सव्वीस हजारांवर. कंपनीच्याच हिशेबनिसाने खोट्या सह्या केल्या होत्या. बँकेचे म्हणणे असे पडले की, खात्याचे उतारे कंपनीकडे वेळोवेळी जात होते, तिने चार वर्षे हरकत घेतली नाही, तेव्हा आता तिला बोलता येणार नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. खोट्या सहीचा धनादेश म्हणजे खातेदाराची आज्ञाच नव्हे. आणि पासबुक वाचून चूक दाखवली नाही, एवढ्यावरून खातेदाराचा हक्क बुडत नाही. केवळ गप्प राहणे म्हणजे कबुली नव्हे. मला हा निकाल फार माणुसकीचा वाटतो. आपल्यापैकी किती जण पासबुकाची प्रत्येक ओळ वाचतात?

तथापि गप्प राहणे सोयीचे आहे, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. हा निकाल धनादेशांच्या काळातला. यंत्राच्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जे नियम घातले, त्यांत दिवस मोजलेले आहेत. खातेदाराची व बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी रक्कम काढली आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत खातेदाराने कळवले, तर त्याच्यावर काही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरीव मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या आपल्या धोरणाप्रमाणे. जबाबदारी खातेदाराची आहे हे सिद्ध करण्याचा भार मात्र बँकेवर. २०१९ च्या सप्टेंबरात आणखी एक परिपत्रक निघाले. दुकानात कार्ड चालवल्यावर खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोच मिळाली नाही, तर पाच दिवसांत ती रक्कम आपोआप परत यावी, न आल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असे त्यात ठरले. बँकेने दाद दिली नाही तर जावे कोठे, यासाठी १९९५ साली बँकिंग लोकपाल नेमले गेले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये निरनिराळ्या लोकपाल योजना एका छत्राखाली आल्या. मावशीने नऊ दिवस बँकेला काही कळवले नव्हते. तिने चौकशी केली ती फक्त मनातल्या मनात, आणि आरोपीला न सांगता.

मला तिच्यावर रागवता आले नाही. वाण्याच्या वहीच्या काळात वाढलेले माणूस ते. त्या काळी अनोळखी नाव वहीत येण्याला दोनच कारणे असत, कारकुनाची चूक किंवा कोणाची तरी लबाडी. तिसरे कारण, म्हणजे नाव खरे पण आपल्याला न सांगितलेले, हे तिच्या पिढीच्या हिशेबात नव्हतेच. आणि दुकानाने पाटीवरच्या नावाखाली कंपनीचे नाव वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिले असते, तर नऊ दिवस एका घरातील बोलणे बंद पडले नसते, हेही खरेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाई आल्या. मावशीने माफी वगैरे मागितली नाही. तिच्या वयाच्या बायकांना ते जमत नाही. तिने कॉफी दोन पेल्यांत ओतली, एक त्यांच्यापुढे ठेवला, आणि यादी व कार्ड दोन्ही पुढे केले. कार्ड असे दुसऱ्याच्या हाती देणे बँकेच्या नियमात बसत नाही, उद्या खरोखरच काही झाले तर बँक यावरच बोट ठेवील, असे मी मराठीत हळूच म्हटले. "तो नियम तू पाळ," मावशी म्हणाली, "मला डाळ हवी आहे."

बाई तासाभराने परत आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली. या खेपेस त्यांनी बिल दिनदर्शिकेमागे खोचले नाही. मावशीच्या हातात दिले, आणि तिने चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचून होईतो त्या समोर उभ्या राहिल्या.